कार्ड नंबर चौदा

हे मी रचून सांगत नाही. रचायचंच असतं तर यात माझी बाजू थोडी बरी दाखवली असती.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. बी.एस्सी. झालेला. शिवाय आमच्या घरी देव्हारा नाही, बुद्धाची तसबीर आहे. भूत, करणी, उतारा यातलं काहीच न मानणाऱ्या घरात मी वाढलो. भोरला आमच्या आळीत कुणी लिंबू टाकलं, तर आमचे वडील ते उचलून सरबत करायचे. तेव्हा हे सगळं माझ्याच वाट्याला का यावं, हे मला अजून कळलेलं नाही.

साल १९७०. मार्गशीर्ष लागला होता. वेल्ह्याच्या अलीकडच्या खोऱ्यातलं एक गाव. नाव सांगत नाही. शाळा अजून चालू आहे आणि मुलं तिथं बसतात.

शाळा म्हणजे चार खोल्या आणि वर पत्रा. पाचवी खोली सामानाची, तिच्यात मी राहायचो. गावात मला खोली मिळाली नाही. का मिळाली नाही ते सांगत बसत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

अकरावीला शास्त्र घेतलेली सात मुलं होती. सहा मुलगे आणि एक मुलगी, अंजना. प्रयोगशाळा नव्हती. परीक्षानळी तर सोडाच, त्या अख्ख्या शाळेत काचेचा पेला नव्हता. खिडक्यांनासुद्धा काचा नव्हत्या, लाकडी झडपा होत्या.

मी अर्ज केले. उत्तर आलं, आपला अर्ज विचाराधीन आहे. तो विचार बहुतेक अजून चालू असेल.

मग मी माझी स्वतःची प्रयोगशाळा केली. कागदाची.

गावोगावच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर एकेक कृती लिहिली. 'चिमूटभर लवण परीक्षानळीत घ्या. सौम्य आम्ल घाला.' कार्ड उलटलं की मागे, काय दिसलं ते. 'फसफसून वायू येतो. कार्ड नऊ घ्या.' किंवा, 'काहीच होत नाही. कार्ड अकरा घ्या.' असं एकेक कार्ड घेत घेत मुलानं शेवटी सांगायचं, की त्याला दिलेलं लवण कोणतं.

बेचाळीस कार्डं होती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो.

शाईची दौत म्हणजे दिवा. अंगठा आणि दोन बोटं चिमटीत धरली की झाली परीक्षानळी. मुलं ती अदृश्य नळी दिवसभर हलवत बसायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, वेड्यांची शाळा आहे.

पण मुलं तयार झाली. पुण्याहून तपासणीला आलेले साहेब माझ्या पाठीवर थाप मारून गेले. माझे पाय चार दिवस जमिनीवर नव्हते.

आता कार्ड नंबर चौदाचं सांगतो.

त्यात लवण, तांब्याचा कीस आणि तीव्र आम्ल तापवायचं होतं. तपकिरी वायू येतो. कार्डावर लिहायचं होतं, 'रंग पाहा. हाताने वारा घालून वास घ्या.' कॉलेजात आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नळी नाकाला लावायची नाही. दूर धरायची, हातानं थोडी हवा नाकाकडे ओढायची.

ती पत्रिका लहान होती. ओळ संपत आली.

मी 'हाताने वारा घालून' हे तीन शब्द गाळले.

'रंग पाहा. वास घ्या.' कागदाला कुठं वास येतो, असं मनाशी म्हटलं. तोंडानं सांगू नंतर. ते सांगायचंही राहून गेलं.

मुलं काय करायची, तर बोटांची चिमटी नाकाला लावायची आणि छाती फुगेपर्यंत श्वास ओढायची. मग तोंडं वेडीवाकडी करायची. मी हसायचो. अंजना सगळ्यांत लांब श्वास घ्यायची, डोळे मिटून. जणू खरंच तिथं काहीतरी आहे.

तेव्हाही मला आठवलं नाही.

अंजना चार मैलांवरून यायची, खिंडीपलीकडच्या वाडीतून. वडील कोंडिबा, आई ठकुबाई. धाकटी बहीण फुला, तीही आमच्याच शाळेत आठवीत. खोऱ्यातल्या त्या वयाच्या बाकीच्या पोरींची लग्नं होऊन त्या सासरी नांदत होत्या. कोंडिबा मात्र हट्टाला पेटला होता. पोरीला नर्स करायचं.

त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ठकुबाईनं मला चहा दिला. घरातल्याच कपात. माझ्यासमोर तो कप उचलून बाकीच्या कपांत धुवायला टाकला. खोऱ्यात असं करणारं ते पहिलं घर होतं. हे मी विसरू शकत नाही, म्हणून पुढचं सांगणं जड जातंय.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा भोरच्या केंद्रावर व्हायची होती. तिच्याआधी मुलांना एकदा खरी प्रयोगशाळा दाखवावी, म्हणून तिथल्या एका शाळेची मी परवानगी काढली. गुरुवार होता. पहाटेच्या एस.टी.नं नसरापूर, तिथून कापूरहोळ, तिथून भोर. सातही मुलं नवे कपडे घालून आली होती.

प्रयोगशाळेत शिरल्यावर मुलं बोलेनाशी झाली. मानसिंग नावाचा दांडगा मुलगा होता, तो रिकाम्या परीक्षानळीला एका बोटानं हात लावून मागे सरला. अंजनानं मात्र नळी उचलली. बरोबर चिमटीत धरली, आम्ही धरायचो तशी.

तिला मिळालेलं लवण नेमकं चौदा नंबरच्या कार्डाचं होतं.

आणि मी कुठं होतो?

मी दाराशी तिथल्या मास्तरांना माझ्या कार्डांविषयी सांगत होतो. बेचाळीस कार्डं कशी केली, साहेब काय म्हणाले. मुलांकडे माझी पाठ होती.

मागे कुणीतरी खोकलं. मी वळून पाहिलं. अंजना डोळे पुसत होती आणि हसत होती. मला वाटलं, धुरानं पाणी आलं असेल.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. भाटघरचं धरण मागे पडलं. मी पुढच्या बाकावर होतो. ती वाकून म्हणाली, "सर, खऱ्याला वास असतो."

"कसा होता?" मी विचारलं.

"कल्हईवाला नवसागर टाकतो न्हाई का भांड्यात? तसला. पण त्याहून लई. नाकात टोचतो. म्या वहीत तसंच लिवलंय. चालंल का?"

"चालेल की."

मानसिंग मागून म्हणाला, "सर, अंजीनं तीनदा घेतला वास. आमाला एकदाच घेऊन ठसका लागला."

"नीट कळायला नगं?" ती म्हणाली. "कार्डावरचं उत्तर पाठ हाये रं. मला माझं लिवायचं हुतं."

मला तेव्हा शंका आली. हे मी कबूल करतो. त्या वायूचं मी पुस्तकात वाचलं होतं. लगेच काही होत नाही, सात-आठ तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. चांगली हसत होती, चणे खात होती. परीक्षानळीभर वायू तो केवढा, असं मी स्वतःला समजावलं. एस.टी. थांबवली नाही. दवाखान्यात नेलं नाही.

फाट्यावर उतरून ती तिथं वाट बघत थांबलेल्या फुलाबरोबर खिंडीकडे गेली.

शुक्रवारी सकाळी मानसिंगनं बातमी आणली. अंजना पहाटे गेली. डोली करून वेल्ह्याला न्यायचं ठरत होतं, तेवढ्यात गेली. सातव्या-आठव्या दिवशी कुणी डॉक्टर वाडीत आला होता, तो ऐकून म्हणाला, न्यूमोनिया असेल.

मी हेडमास्तरांना सांगितलं, काय झालं असावं ते. त्यांनी उठून दार लावलं आणि म्हणाले, "तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. आणि मी ऐकलं नाही."

मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं.

जुनं चौदा नंबरचं कार्ड मी चुलीत घातलं. नवं केलं, मोठ्या कागदावर. ते तीन शब्द लाल शाईनं लिहिले.

बारा दिवसांनी पुन्हा सराव सुरू केला. सहा मुलांना परीक्षा द्यायचीच होती. शेवटचा तास, साडेतीनपासून पुढे. मुलं एकेका बाकावर लांब लांब बसायची आणि गुपचूप कार्डं उलटायची. बोलायचं नाही, असा नियम होता. खिडकीजवळचा बाक अंजनाचा. तो रिकामा ठेवला होता.

पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसून कार्डं उलटल्याचे आवाज मोजत होतो. मास्तरांची सवय असते. न बघता कळतं, कोण मागे आहे आणि कोण पुढे.

सट्... सट्... सहा आवाज.

आणि मग, थोड्या वेळानं...

सातवा.

मी वर पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. खिडकीजवळच्या बाकावर काहीच नव्हतं.

मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली. माणसाची होते.

दुसऱ्या दिवशी काचेचा आवाज आला.

किण्ण...

परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवताना होतो, तसाच. अगदी हलका. ज्यानं हे काम केलंय त्याला हा आवाज झोपेतही ओळखू येईल. त्या शाळेत काचेचा तुकडा नव्हता, हे मी आधी सांगितलं आहे.

मुलांपैकी कुणीच मान वर केली नाही. तिथंच मला पहिल्यांदा भीती वाटली. मुलांनी ऐकलंच नव्हतं, असं नाही. सहाही जणांची बोटं हवेत होती तिथंच थांबली होती.

तिसऱ्या दिवशी मुलं चौदाव्या कार्डावर आली. घड्याळात साडेचार होत आले होते. सहाही जणांनी चिमटी दूर धरली आणि दुसऱ्या हातानं वारा घातला, मी नव्यानं शिकवलं होतं तसा.

खोलीत शांतता होती.

आणि खिडकीकडून...

कुणीतरी श्वास घेतला.

लांब. खोल. छाती भरेपर्यंत. डोळे मिटून घेतल्यासारखा.

मी वाट बघत राहिलो. श्वास घेतला की तो सुटतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी वाट बघितली, मुलांनी बघितली.

तो सुटलाच नाही.

मानसिंग हळूच म्हणाला, "सर, ती सोडत न्हाई."

"कोण?"

तो खाली मान घालून रडायला लागला. सहा फूट उंचीचा, मिशी फुटलेला मुलगा.

त्यानंतर हे रोज व्हायला लागलं. साडेचारच्या सुमाराला. मी चौदा नंबरचं कार्ड डब्यातून काढून ठेवलं, तरी व्हायचं. मुलांना घरी पाठवून एकटा बसलो, तरी व्हायचं. एकदा मी स्वतः त्या बाकावर जाऊन बसलो. श्वास माझ्या उजव्या कानाशी आला, बोटभर अंतरावरून. पण माझ्या गालाला त्या हवेचा स्पर्श झाला नाही. हवा हललीच नव्हती.

आणि सुटायचा मात्र नाही. माझ्याच छातीत दुखायला लागायचं, वाट बघून.

मी मोठ्यानं म्हणालोही, "अंजना, सोड. श्वास सोड."

काही नाही.

बी.एस्सी. झालेला माणूस रिकाम्या बाकाशी बोलत होता. वडिलांनी पाहिलं असतं तर माझंच सरबत केलं असतं.

मुलं गळायला लागली. सहाची चार झाली. कुणाला ताप, कुणाच्या घरी भाताची झोडपणी. मग पौषात एके दिवशी मानसिंगनं सांगितलं, फुलाचं नाव शाळेतून काढतायत.

"का?"

"कोंडिबा म्हणत्यात, शिकण्यापायी एक गेली. दुसरी न्हाई घालवायची. फाल्गुनात लगीन करत्यात तिचं."

चौदा वर्षांची पोर. वर्गात पहिली यायची.

अंजना शिकण्यानं गेली नव्हती. माझ्या तीन शब्दांनी गेली होती. हे जगात दोघांना ठाऊक होतं. त्यातले एक हेडमास्तर, त्यांनी ऐकलंच नव्हतं. दुसरा मी. मी गप्प बसलो, तर त्या घरातली दुसरी पोरगीही माझ्यामुळेच जाणार होती. आणि बोललो, तर त्या दोघांच्या डोळ्यांत बघावं लागणार होतं.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खिंडीच्या वाटेला लागलो.

वाट एका माणसापुरती. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या. चार मैल चालायला मला दीड तास लागला. वाडीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कोंडिबा ओसरीवर दोर वळत बसला होता. ठकुबाई आत होती. फुला मला बघून दारामागे गेली.

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कार्ड, लहान पत्रिका, गाळलेले शब्द, माझी पाठ, एस.टी.तलं तिचं बोलणं, मला आलेली शंका, न थांबवलेली एस.टी. काहीच लपवलं नाही.

"शिकण्यानं नाही गेली ती," मी म्हणालो. "माझ्यामुळं गेली. मला हवं ते करा. पण फुलाचं नाव काढू नका."

कोंडिबाच्या हातातला दोर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. उठला आणि गोठ्यात गेला. आतून त्याच्या खोकण्याचा आवाज यायला लागला. खोकणं नव्हतं ते.

ठकुबाई उंबऱ्यात आली होती. तिनं पदर नीट केला.

"मला ठावं हाये, मास्तर," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"त्या राती तिनंच सांगितलं. म्हनली, आई, वास घेतला तवापासनं छातीत भरल्यावानी झालंय. म्या म्हनलं, थांब, मास्तरांना बलीवते. तर माझा हात धरला. म्हनली, सरांना सांगू नगंस. त्येंनी लई कष्टानं कार्डं केल्याती. त्येंना वाईट वाटंल."

मी भिंतीला हात टेकला.

"म्हनून म्या कुनालाच बोलले न्हाई. ह्येंनाबी न्हाई. पोरीनं शेवटचं सांगितलेलं हुतं."

एक महिना त्या बाईनं हे पोटात ठेवलं होतं. नवरा शिक्षणाला शिव्या देत होता, धाकटीचं लग्न ठरवत होता, आणि ही ऐकत होती. कशासाठी, तर मला वाईट वाटू नये म्हणून. मी त्या ओसरीवर लहान मुलासारखा रडलो. ती थांबली. माझं रडणं होऊ दिलं.

मग म्हणाली, "तुमी शिकलेलं हायसा. येक इचारू?"

"विचारा."

"शेवटाला तिनं श्वास आत घेतला. आन् सोडलाच न्हाई. आमी बगत बसलो. मान्सं सोडत्यात, मास्तर, जाताना. माजी सासू गेली, सोडून गेली. हिनं घेतला आन् ऱ्हायली." तिनं पायाखालच्या उंबऱ्याकडे पाहिलं. "आन् आता सोडती."

"म्हणजे?"

"रोज. दिवेलागनीला. ह्या उंबऱ्यात. घेतल्याचा आवाज येत न्हाई. नुसता सोडल्याचा येतो. दमून आल्यावानी. म्या म्हनती, घेती कुठं ही?"



मला ठाऊक होतं, कुठं घेते.

मी घड्याळ पाहिलं. सहाला काही मिनिटं कमी होती. साडेचारपासून दीड तास. माझ्या पायांनी आत्ताच मोजलेला.

फुला आतून दिवा घेऊन आली. कोनाड्यात ठेवला.  गोठ्यातला खोकण्याचा आवाज थांबला.

आणि उंबऱ्यातून... अगदी जमिनीलगत...

हा...

कुणीतरी श्वास सोडला. लांब, थकलेला. डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर बाई सोडते, तसा. कोनाड्यातली ज्योत जराही हलली नाही.

ठकुबाईचे डोळे भरले होते. "आली," ती म्हणाली. रोज शाळेतून आल्यावर म्हणत असेल, तशीच.

मग मी तिला सांगितलं. शाळेतला बाक, साडेचारची वेळ, सगळं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्याचं काय झालं, ते मला सांगता येणार नाही.

"म्हंजी चार मैल," ती म्हणाली. "रोज चार मैल ती श्वास धरूनच चालती?"

तिनं खिंडीकडे पाहिलं.

"खिंड चढती तशीच?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता ठकुबाई शाळेत आली. लुगडं धुतलेलं, पायात वहाणा. मी मुलांना आधीच सोडून दिलं होतं. तिला मी खिडकीजवळचा बाक दाखवला. ती त्याच्या एका कडेला बसली. अवघडून, दुसऱ्यासाठी जागा ठेवून.

शाळेत ती पहिल्यांदाच येत होती. फळ्याकडे बघितलं. टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्याकडे बघितलं.

"ह्येच्यात हायती व्हय?"

"हो."

"लई बोलायची त्येंच्याबद्दल."

साडेचार झाले.

किण्ण...

ठकुबाई दचकली नाही. नुसतं तिनं रिकाम्या बाजूला तोंड वळवलं.

श्वास आला. खोल. छाती भरून.

आणि थांबला.

"सोड बाळा," ठकुबाई म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "हितंच सोड. म्या हितं आलीया. येवडं चालत येऊ नगंस."

आम्ही वाट बघितली. बाहेर कुणाची तरी गुरं गेली. माझ्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. पाच मिनिटं झाली असतील, कदाचित जास्त.

श्वास सुटला नाही.

ठकुबाईनं डोळे पुसले. मग उठली. पदर खोचला.

"तिचंबी खरं हाये," ती म्हणाली. "घर सोडून कुठं सोडंल?" आणि बाकाकडे बघून म्हणाली, "चल मग. म्या येते संगट."

दारात थांबून ती माझ्याकडे वळली. "फुलीला सोमवारी धाडते. ह्येंना म्या समजावते. पन मास्तर, ती कशाचाबी वास घ्याया लागली, की तुमी तिच्याशेजारी उभं ऱ्हायाचं. पाठ करायची न्हाई."

"नाही करणार," मी म्हणालो.

ती निघाली. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. पटांगण ओलांडून ती खिंडीच्या वाटेला लागली.

ती वाट एका माणसापुरतीच होती, हे मी सांगितलं.

ठकुबाई वाटेवरून चालत नव्हती. वाटेच्या कडेनं चालत होती, करवंदीच्या काट्यांतून. लुगडं अडकायचं, ती सोडवायची आणि पुन्हा कडेनंच चालायची. तिचा उजवा हात अंगापासून थोडा लांब होता. वाट पूर्ण रिकामी सोडलेली.

मधेच थांबायची, चढ होता म्हणून. स्वतःसाठी नव्हती थांबत.

त्या दिवसानंतर शाळेत तो आवाज कधी आला नाही. गळालेली दोघं परत आली, परीक्षेला सहाही मुलं बसली. फुला सोमवारी आली, आणि पुढं तीन वर्षं मी तिच्याशेजारी उभा राहिलो. ती नर्स झाली.

घरी दिवेलागणीला काय होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. धीर झाला नाही. एवढं मात्र मानसिंगकडून कळलं, की ठकुबाई म्हातारपणापर्यंत रोज चारच्या सुमाराला घरातून निघायची. गुडघे गेले, तरी काठी टेकत खिंडीपर्यंत यायची आणि अंधार पडायच्या आत परतायची. लोक विचारायचे, कुठं निघालीस? ती म्हणायची, पोरीला आनाया.

परतताना ती काट्यांतूनच चालायची, असं तो म्हणाला.

ठकुबाईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, भोरला राहतो. आजही मी काहीच मानत नाही. कुणी विचारलं, तर हे सगळं मनाचे खेळ होते, असं मी पहिला सांगेन.

पण संध्याकाळी साडेचार ते सहा मी घराबाहेर पडत नाही. खुर्चीत बसून राहतो. आता तिला खिंडीतून आणायला कोण जात असेल, हा विचार त्या दीड तासात मला सोडत नाही.